अर्ध्या नोंदीचा भोंगा

शैलाताईंच्या टेबलाखाली विजेचा एक बोर्ड होता आणि त्या बोर्डाचं बटण त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली असायचं. समोर कोणी नवा मुलगा किंवा मुलगी आपला प्रोग्राम दाखवत असली, की ताई हनुवटीखाली हात घेऊन अगदी कौतुकानं ऐकायच्या. "हं. मग? छान. मग काय होतं?" बिचारं पोर खुलायचं. "मग हे बटण दाबलं की फाइलमध्ये सगळं सेव्ह होतं," असं म्हणून ते बटण दाबायचं, आणि त्याच क्षणी ताईंचा अंगठा खाली जायचा. मशीन ठार बंद. मग त्या शांतपणे विचारायच्या, "आता चालू कर आणि सांग, काय उरलं?"

माझंही असंच झालं होतं. पहिल्याच दिवशी. मी इंदूरहून पदवी घेऊन आलेली, नाकाचा शेंडा वर. मशीन चालू केलं तर माझ्या फाइलमध्ये पहिल्या दोन ओळी, तिसरीचं डोकं आणि खाली काहीच नाही. "पण ताई, मी तर लिहिलं होतं," मी म्हणाले. "लिहिलं होतंस, की लिहायला सांगितलं होतंस?" त्यांनी विचारलं. मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला, की घरी जाऊन आईला म्हटलं, ऑफिसात एक खडूस बाई आहे, माझं तिथं जमायचं नाही.

जमलं. आमचं ऑफिस बुऱ्हाणपुरात एका कापडाच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. मागच्या गल्लीत पॉवरलूम, त्यामुळे दिवसभर खटखट. नवा माणूस आला की आधी ओरडून बोलतो, मग महिनाभरात सवयीनं गप्प होतो. मालक महेंद्रभाऊ. वजनकाट्यांची, शीतगृहांची, दुधाच्या टाक्यांची छोटी यंत्रं असतात ना, त्यांच्या पोटातले प्रोग्राम आम्ही लिहायचो. भाऊ कामं आणायचे, आम्ही करायचो, आणि शैलाताई मोडायच्या. त्यांचा मोडण्याचा पगार होता असंच म्हणा ना. पन्नाशी उलटलेली बाई, सुती साडी, चष्मा कायम कपाळावर, आणि तो शोधत टेबलभर हात फिरवायची सवय.

घरीही त्या तशाच. त्यांचे यजमान शाळेत गणित शिकवायचे, गरीब माणूस. ते एकदा मला म्हणाले, "अहो, मी बाजारातून येताना मावा जिलेबी घेऊन येतो म्हणून फोनवर सांगितलं, तर ही म्हणते, पिशवी हातात आली की सांगा. तोवर मी पाहुण्यांना काही बोलणार नाही." उन्हाळ्यात माठ बदलायचा तर त्यांची रीत ठरलेली. नवा माठ आणायचा, भरायचा, जुन्याच्या शेजारी ठेवायचा. नवा झिरपून रिकामा होत नाही हे दुसऱ्या दिवशी बघायचं आणि मगच जुना उचलायचा. आम्हाला फाइल कशी लिहायची हे त्यांनी याच माठावर शिकवलं. जुन्या फाइलवर नवं लिहायला जायचं नाही. शेजारी नवी करायची, पूर्ण भरली का ते उघडून बघायचं, आणि मग नाव बदलून तिला जुनीच्या जागी बसवायचं. मध्येच वीज गेली तरी निदान जुनं पाणी घरात असतं. आमच्या ऑफिसात "माठ ठेवला का?" असं विचारलं की बाहेरच्या माणसाला काही कळत नसे.

दुसरी एक गोष्ट सांगते. केळी पिकवायच्या खोल्यांसाठी आम्ही तापमान नोंदवणारं यंत्र केलं होतं. सगळं तपासून झालं, भाऊ खूश, जवळच्या फोपनार गावचा शेतकरी न्यायला आलेला. ताई म्हणाल्या, "याच्या पोटातलं कार्ड भरलं तर?" भाऊ म्हणाले, "भरायला वर्षं लागतील." ताई उठल्या, कार्ड काढलं, आणि त्यावर आपल्या भाच्याच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ घातला. हळद, वरात, जेवणावळ, सगळं. कार्डावर चिमूटभर जागा उरली तेव्हा ते परत यंत्रात घातलं. यंत्रानं थोडं तापमान लिहिलं, जागा संपली, आणि पडद्यावर मात्र आपलं "नोंद झाली, नोंद झाली" चालूच. दहा अक्षरं लिहायला सांगितली तर चारच मावली, आणि ही गोष्ट कोणी विचारलीच नाही म्हणून यंत्रानं सांगितली नाही. शेतकरी दारात उभा राहून हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "म्हणजे केळी सडून गेली असती आणि हे मला 'ऑल इज वेल' म्हणत बसलं असतं?" भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लग्नाच्या त्या व्हिडिओला नंतर आमच्याकडे मान आला. कुठलंही यंत्र ताईंच्या भाच्याचं लग्न पचवल्याशिवाय बाहेर जात नसे.

असं असूनही शैलाताई आवडायला सोप्या नव्हत्या. हट्टी होत्या. आपलंच खरं करायच्या. आणि आपण चुकलो तर, या भीतीनं आतून पोखरलेल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

तापीच्या पुराच्या भोंग्याचं काम आमच्याकडे आलं ते त्यांच्याच भरवशावर. वरच्या अंगाला, नेपानगरच्या बाजूला नदीतल्या एका जुन्या खांबावर आमची पेटी बसवली होती. ती दर थोड्या वेळानं पाण्याची उंची कार्डावर लिहायची आणि ती नोंद आमच्या मशीनकडे यायची. पाणी धोक्याच्या वर गेलं की इकडे राजघाटावर भोंगा वाजायचा. ऐकायला सोपं. पण समजा, उंची समुद्रसपाटीपासून दोनशे एकोणीस मीटर आहे. पेटीनं दोन लिहिला, एक लिहिला आणि तेवढ्यात वीज गेली. नऊ राहिला. आता वाचणाऱ्याला दिसतात एकवीस. म्हणजे नदी आटली! पूर येतोय आणि यंत्र सांगतंय की नदी कोरडी पडली. ताईंना ही शंका आली तेव्हा त्या जेवत होत्या. डबा तसाच झाकून त्या उठल्या.

त्यांनी प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक खूण लिहायला लावली. खूण दिसली तर नोंद पुरी, नाहीतर तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. इथपर्यंत कोणाची ना नव्हती. भांडण पुढं झालं. अर्धी नोंद आली आणि त्यानंतर पेटी गप्प बसली, तर भोंग्यानं करायचं काय?

भाऊ म्हणाले, "काय करायचं? मागची पुरी नोंद धरून चालायचं. गप्प बसायचं."

"नाही. वाजवायचा," ताई म्हणाल्या. "आणि पुरी नोंद येईपर्यंत थांबवायचा नाही."

"अहो ताई, वीज काय, रोज जाते. रोज वाजवणार?"

"बॅटरी आहे ना पेटीत. बॅटरी असूनही ती अर्ध्यात गप्प झाली, तर तिचं काहीतरी झालंय. काय झालंय ते आपल्याला माहीत नाही, आणि खाली माणसं आंघोळ करतायत. माहीत नसलं तर ओरडायचं."

ओरडला. त्या पावसाळ्यात भोंगा नाहक ओरडला, एकदा बॅटरीची तार उंदरानं कुरतडली म्हणून, आणि एकदा कारण कधी कळलंच नाही. लोक धावत वर आले, नदी आपली मांजरासारखी पडलेली. मग शहरभर चेष्टा सुरू झाली. भाजीवाली मला म्हणाली, "काय व माय, तुमच्या बाईचा भोंगा आज वाजणार आहे का? कपडे धुवायला जायचं आहे." ज्यांनी काम दिलं होतं त्या कचेरीतून भाऊंना फोन आला, की हा अर्ध्या नोंदीचा नियम काढून टाका, नाहीतर भोंगाच काढतो. भाऊंनी ताईंना सांगितलं. ताई म्हणाल्या, "नियम मी काढणार नाही. भोंगा काढायचा तर काढा, पण मग तो आहे असं लोकांना सांगू नका." भाऊ चिडून निघून गेले. आता एकदा जरी नाहक वाजला असता तरी सगळं संपलं असतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंना सर्वांत जास्त.

आणि तो वाजला. सकाळची वेळ, आभाळ धुतल्यासारखं निळं, ऊन चटचटत होतं. बुऱ्हाणपुरात आठवडाभर थेंब नव्हता. मी मशीनवर बघितलं तर शेवटची नोंद अर्धी. दोन, दोन, आणि पुढं काही नाही. पेटीला हाक मारली, उत्तर नाही. ताई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"गाडी काढ. घाटावर जाऊ," त्या म्हणाल्या.

माझ्या स्कूटीवर मागं बसून त्या सारख्या पुटपुटत होत्या, "वर पाऊस झाला असेल. झाला असेल ना गं?"

घाटावर आंघोळीची माणसं भोंग्याला शिव्या घालत का होईना, वर निघाली होती. पण खालच्या पायऱ्यांवर निंबोल्याचं एक कुटुंब दहाव्यासाठी आलं होतं. म्हातारी आई गेली होती. मुलगा मुंडण करून, उघड्या अंगानं, हात जोडून उभा. शेजारी गुरुजी, आणि चारदोन नातेवाईक. पाण्याजवळच्या सपाट दगडावर पिंड ठेवलेला. कावळा शिवल्याशिवाय उठायचं नाही. आणि कावळा येणार कसा? वर खांबावर भोंगा ठणाणा करत होता. घाटावरचे सगळे कावळे पार पलीकडच्या काठावरच्या झाडांवर जाऊन बसले होते.

ताई चपला पायरीवर काढून खाली उतरल्या. "दादा, वर चला. पाणी येतंय."

मुलानं त्यांच्याकडे बघितलं. डोळे सुजलेले. "तुमचाच आहे का हा भोंगा? बंद करा पहिले. सगळे कावळे उडून गेले. आमची माय तशीच बसून राहिली आहे."

"दादा, खरंच पाणी—"

"कुठं आहे पाणी? दाखवा ना!" एक नातेवाईक मधे पडला. "हर बार वाजतो. मागच्या वेळेसही वाजला होता. पाच मिनटं बंद करा, कावळा शिवला की आम्ही चाललो. इतकंच तर मागून राहिलो."

तेवढ्यात माझा फोन वाजला. भाऊ. "वर्षा, बंद कर तो. तुझ्या फोनवरून होतो ना बंद? कर. लोक मला इथं फोन करून राहिलेत." मी ताईंकडे बघितलं. फोन माझ्या हातात होता, एक बोट लावायचा अवकाश. पाच मिनिटं भोंगा थांबला असता, कावळा आला असता, आणि हे लोक आपोआप उठून गेले असते. मला तर हे अगदी शहाणपणाचं वाटलं.

"पुरी नोंद आली का?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"मग नाही थांबवायचा. थांबला की वर गेलेले सगळे परत खाली येतील."

गुरुजी समंजस होते. म्हणाले, "यजमान, दर्भाचा कावळा करतो. शास्त्रात सोय आहे. कावळा नाही आला तर दर्भाचा शिववतात, चालतं."

"नाही चालत," मुलगा म्हणाला. "माझ्या मायला चालणार नाही. तिच्या मनात काहीतरी राहिलं आहे." आणि तो पिंडाकडे वळून मोठ्यानं सांगू लागला, माय, धाकट्याला मी अंतर देणार नाही. माय, गाय विकणार नाही. माय, ये ना. नातेवाईकही हात जोडून सांगू लागले. वर भोंगा, खाली हे आर्जव, आणि ऊन. ताई पाण्याकडे बघत होत्या. शेवटच्या पायरीच्या कडेला शेवाळाची एक हिरवी रेघ होती, तिच्यावर त्यांची नजर खिळलेली. पाणी रेघेच्या खालीच. वेळ जात होता. पाणी तिथंच. वरून कोणीतरी हसून ओरडलं, "बाई, बादली आणू का पाण्याची?" ताईंचे कान लाल झाले, पण मान हलली नाही.

मग नदीचा रंग बदलला. आधी काड्या-कचरा आला, फेस आला. आणि मग मुळासकट उपटलेलं केळीचं एक अख्खं झाड वळणावरून आडवं होऊन आलं. त्याच्यामागं आणखी दोन. घडासकट.

निंबोल्याची, केळीच्या बागांतली माणसं ती. केळी वाहताना बघून त्यांना सांगावं लागलं नाही. नातेवाईक मागं सरले. मुलगा मात्र हलेना. पाणी हिरवी रेघ ओलांडून सपाट दगडाला लागलं, तरी तो पिंडासमोर हात पसरून उभा, जणू हातांनी नदी अडवणार होता. ताई त्याच्याजवळ गेल्या. आयुष्यभर अर्धवट गोष्टीशी उभा दावा मांडलेली ती बाई त्याला म्हणाली, "राहू दे अर्धं. अरे, तुझी माय जिवंत असती, तर तिनं तुला या पाण्यात उभं राहू दिलं असतं का? कान धरून ओढलं असतं. तिच्या मनात काही राहिलं असेल, तर एवढंच, की तू वर ये."

तो लहान मुलासारखा हुंदका देऊन रडला. गुरुजींनी दर्भाचा कावळा त्याच्या हातात दिला. त्यानं तो पिंडाला शिववला, आणि ताईंनी त्याचा दंड धरला. आम्ही पायऱ्या चढलो. आम्ही चढत होतो आणि आमच्या मागं पाणी चढत होतं. वरच्या देवळाजवळ पोचून वळून बघितलं, तर सपाट दगड, हिरवी रेघ, आम्ही उभे होतो त्या पायऱ्या, काही म्हणजे काही नव्हतं. गढूळ पाणी, आणि त्यावर गरगर फिरणारी केळी. मघाशी बादली आणू का विचारणारा माणूस तोंडावर हात ठेवून उभा होता.

ती पेटी नदीतल्या त्या जुन्या खांबासकट वाहून गेली होती, हे नंतर कळलं. लिहिता लिहिता गेली होती.

लोक ताईंभोवती जमले. कोणी पाणी आणून दिलं, कोणी नमस्कार केला. मला तर अभिमानानं रडू येत होतं. मी ताईंना बाजूला एका कट्ट्यावर बसवलं आणि म्हटलं, "ताई, तुमचंच खरं झालं."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग अगदी हळू, भोंग्याच्या आवाजात मला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला इतकं हळू बोलल्या.

"वर्षा, मी त्या रेघेकडे बघत होते ना, तेव्हा मनात म्हणत होते, ये. ये गं बाई लवकर. मला खोटं पाडू नकोस." "तो पोरगा तिथं खाली उभा होता गं. आणि मी पाण्याला ये म्हणत होते."

तेवढ्यात तो मुलगा आला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. त्या चटका बसल्यासारख्या मागं सरल्या. "माझ्या नको," म्हणाल्या, "माझ्या नको रे," आणि उठून चालू लागल्या. पायरीवर काढलेल्या चपला पाण्याबरोबर गेल्या होत्या. मी स्कूटी घेऊन मागं गेले, थांबा म्हटलं, बसा म्हटलं, पण त्यांनी फक्त हात हलवला. डांबर तापलेलं होतं. त्या अनवाणीच, साडीचा काठ ओला, गर्दीतून वाट काढत शहराकडे गेल्या.

ऑफिसात त्या पुन्हा आल्या नाहीत.